इंजिनाचा श्वास

महाराष्ट्रातील कोणत्याही हमरस्त्यावर रात्रीच्या वेळी उभे राहून पाहावे. मालमोटारींची रांग तुटत नाही. कोणी लासलगावचा कांदा घेऊन मुंबईच्या वाटेला लागलेली असते, कोणी सांगलीची हळद, कोणी जळगावची केळी. उलट दिशेने येणाऱ्या मोटारींत मीठ, कापड, औषधे आणि शाळेची पुस्तकेही असतात. या मोटारी काही दिवस थांबल्या, तर गावोगावचे बाजार ओस पडतील. एवढे ओझे डोंगरघाटांतून ओढून नेण्याची शक्ती त्यांच्या अंगी कोठून येते, असे कोणी विचारले, तर बहुतेक जण चटकन उत्तर देतील, ‘डिझेलपासून.’ हे उत्तर खरे आहे; परंतु ते अर्धेच खरे आहे. डिझेल हे इंजिनाचे अन्न होय. अन्न कितीही पौष्टिक असले, तरी श्वास घेतल्यावाचून प्राणी जगत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. त्यालाही श्वास घ्यावा लागतो, आणि तोही स्वच्छ हवेचा.

पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला, की ज्योत थोड्याच वेळात लहान होते आणि विझून जाते. मेण तर शिल्लक असते. मग ज्योत का विझावी? पेल्यातील प्राणवायू ज्योतीला पुरत नाही, म्हणून. चुलीत लाकडे दाटून भरली आणि हवेला वाट ठेवली नाही, तर जाळ होत नाही, नुसता धूर होतो. फुंकणीने चार फुंकरा घातल्या, की तीच लाकडे भडकून पेटतात. जळण आणि हवा यांची जोडी जमल्याखेरीज उष्णता मिळत नाही, हा निसर्गाचा नियम चुलीला जसा लागू आहे, तसाच तो इंजिनालाही लागू आहे.

इंजिनाला हवा किती लागते, याचा हिशेब केला तर मन थक्क होते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते. ते पूर्णपणे जळण्यासाठी निदान १२ किलोग्रॅम हवा लागते. हवा तर अत्यंत हलकी; एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोग्रॅमही भरत नाही. म्हणजे एक लिटर डिझेल जाळावयाचे, तर कमीत कमी १०,००० लिटर हवा इंजिनात ओढून घ्यावी लागते. शांत बसलेला माणूस एका दिवसात जेवढी हवा आत घेतो, तेवढीच ही भरते. मालमोटार एक लिटर डिझेलवर चारपाच किलोमीटर चालते. माणसाचा दिवसभराचा श्वास तिला चारपाच किलोमीटरांतच संपवावा लागतो! प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून बरीच अधिक हवा घेते.

डिझेल इंजिनात हवेचे काम केवळ जळणाला मदत करण्याचे नसते. जळण पेटविण्याचे कामही हवाच करते. सायकलच्या टायरमध्ये पंपाने हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे अनेकांनी अनुभवले असेल. हवा जोराने दाबली, की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच गुणाचा उपयोग करून घेतला आणि १८९७ साली आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले. या इंजिनात पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगी पाडावी लागत नाही. दट्ट्या नळकांड्यातील हवा दाबतो. आजच्या इंजिनांत ती मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शाइतक्या जागेत कोंडली जाते आणि तिचे तपमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला, की तो आपोआप पेट घेतो. त्या स्फोटाने दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि त्याच्या बळावर अखेर चाके फिरतात.

इंजिन ही हवा उघड्या रस्त्यावरून घेते, आणि तेथेच खरी अडचण उभी राहते. रस्त्यावरची हवा नितळ नसते. बाजारसमितीच्या आवारातील माती, उसाच्या गाडीवाटेचा फुफाटा, दगडाच्या खाणीतील भुकटी, पुढे धावणाऱ्या वाहनाने उडविलेली धूळ, हे सारे त्या हवेत मिसळलेले असते. त्यातील कण कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाहीत. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. इंजिनाला घातक ठरणारे कितीतरी कण केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. दट्ट्याच्या कड्या आणि नळकांड्याची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, तोही जवळजवळ तेवढाच पातळ असतो. या थरात गारगोटीचे कण शिरले, तर काय होईल? गारगोटी साध्या लोखंडाहून कठीण असते. सुताराचा पॉलिश कागद जसे लाकूड घासतो, तसे हे कण कड्या आणि नळकांडे घासू लागतात. दर मिनिटाला शेकडो वेळा हे घासणे चालते. मग कड्या सैल होतात, हवेचा दाब टिकत नाही, इंजिनातील तेल वर येऊन जळू लागते आणि धुराड्यातून निळसर धूर निघू लागतो. एवढे झाल्यावर इंजिन संपूर्ण खोलल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ही आपत्ती टाळण्यासाठी हवेच्या वाटेवर एक पहारेकरी बसविलेला असतो. ती हवेची गाळणी होय. मोटारचालक तिला ‘एअर फिल्टर’ म्हणतात. मोटारींच्या आरंभीच्या काळात हे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले नव्हते. शेतात धुळीच्या लोटांत चालणारे ट्रॅक्टर तर फारच लवकर निकामी होत. अमेरिकेत ट्रॅक्टर विकण्याच्या व्यवसायात असलेल्या फ्रँक डोनाल्डसन या गृहस्थांनी ही अडचण पाहिली आणि १९१५ साली ट्रॅक्टरसाठी हवा स्वच्छ करणारे साधन तयार केले. पुढे बरीच वर्षे मोटारींत तेलाच्या भांड्याची गाळणी वापरीत. तीत हवा तेलाच्या पृष्ठभागापाशी एकदम वळविली जाई. हलकी हवा वळे, पण जड धूळ वळू न शकल्याने तेलात पडे. आता बहुतेक मोटारींत विशेष प्रकारच्या कागदाची गाळणी असते.

या कागदाची रचना पाहण्यासारखी आहे. तो पंख्याप्रमाणे बारीक घड्या घालून गोल बसविलेला असतो. घड्या कशासाठी? गाळणीची पेटी लहान, आणि हवेला तर मोठी वाट हवी. घड्या घातल्याने लहान जागेत पुष्कळ कागद मावतो. मालमोटारीच्या गाळणीतील कागद उलगडून पसरला, तर कित्येक चौरस मीटर जागा व्यापतो. त्या कागदाच्या तंतूंचे जाळे एवढे दाट असते, की हवा पार होते आणि धूळ अडकते. नव्या गाळणीची परीक्षाही धुळीनेच घेतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांताच्या वाळवंटातील धूळ ठरावीक बारकाव्याची करून त्या परीक्षेसाठी वापरण्याची रीत जगभर रूढ झाली आहे.

पहारेकरी कितीही दक्ष असला, तरी त्याच्या शक्तीला मर्यादा असते. अडविलेली धूळ गाळणीतच साचत जाते. गंमत अशी, की थोडी धूळ बसलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षाही अधिक चांगली गाळते. कारण बसलेल्या धुळीचा थर हीदेखील एक गाळणीच बनते. परंतु हा थर फार दाट झाला, की हवेची वाट कोंडते. नाक चोंदलेल्या माणसाने डोक्यावर गाठोडे घेऊन डोंगर चढावा, तशी इंजिनाची स्थिती होते. त्याला धाप लागते. जुन्या धर्तीच्या इंजिनात चालकाने पायाने दाबलेल्या पट्टीच्या प्रमाणात डिझेल येतच राहते, पण त्याला जाळण्यास हवा मात्र अपुरी पडते. अर्धवट जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. तो धूर म्हणजे चालकाच्या खिशातून उडून जाणारा पैसाच होय. नव्या धर्तीच्या इंजिनात हवा कमी आली, तर यंत्रणा डिझेलही कमी सोडते. तेव्हा धूर फारसा दिसत नाही, पण ताकद घटते आणि घाटात खालच्या गिअरमध्ये रखडत जावे लागते.

हे सारे व्यवहारात कसे घडते, ते पाहण्यासाठी एक मालमोटार डोळ्यांपुढे आणावी. ती जुन्या धर्तीची आहे, आणि तिचा चालक हाच तिचा मालक आहे. लासलगावहून कांदा घेऊन ती नवी मुंबईतील वाशीच्या बाजारात जाते आणि भिवंडीच्या गोदामांतील माल घेऊन कसारा घाट चढून परत येते. येऊनजाऊन सुमारे साडेचारशे किलोमीटरांची ही फेरी आठवड्यातून दोनदा होते. मोटारीवर कर्ज आहे. महिन्याचा हप्ता चुकवून चालत नाही. आणि घरी दोन मुले शाळेत जातात. चालकाबरोबर वीस वर्षांचा एक क्लीनर असतो. त्याला हिशेबाची आवड आहे. दर फेरीला किती किलोमीटर झाले आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरण्यास किती लिटर डिझेल लागले, हे तो एका वहीत टिपून ठेवतो.

वर्षापूर्वी या फेरीस १०० लिटर डिझेल लागत असे. हळूहळू वहीतील आकडा वाढत गेला आणि ११० वर पोहोचला. क्लीनरने प्रथम टायर तपासून घेतले. त्यांतील हवा कमी झाली होती. ती नेमकी भरल्यावर पुढील फेरीस १०८ लिटर लागले. सुधारणा झाली, पण पुरती नव्हे. घाटात मोटारीला जोर येईना, आणि मागे काळ्या धुराचा लोट सुटे. तेव्हा चालकाने मोटार आपल्या ओळखीच्या वयोवृद्ध मिस्त्रींकडे नेली.

“चाचा, गाडीचा ॲव्हरेज घसरलाय,” चालक म्हणाला. “पंप डिझेल जास्त सोडत असेल. पंप खोलून बघा.”

“पंप खोलायला वेळ लागत नाही, पण पुन्हा जुळवायला लागतो,” मिस्त्री म्हणाले. “आधी गाडी श्वास कसा घेते, ते तर बघू.”

त्यांनी गाळणीची पेटी बाहेरून पुसली, खटके सोडले आणि गाळणी बाहेर काढली. तिच्या घड्या मातीने पार भरून गेल्या होत्या.

“एवढंच ना!” चालक म्हणाला. “मागच्या महिन्यात मीच टायरवर आपटून साफ केला होता. हवा मारून द्या, अजून दोन महिने निघतील. हप्ता तोंडावर आलाय, चाचा.”

मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी गाळणी क्लीनरच्या हाती दिली आणि त्याला एक बॅटरी देऊन सांगितले, “बाळ, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा. बॅटरी आत धर आणि बाहेरून नीट बघ.”

क्लीनरने गाळणी सावकाश फिरवून पाहिली. बहुतेक भाग काळोखा दिसत होता, कारण धुळीतून प्रकाश येत नव्हता. पण एका बाजूच्या घड्यांत चांदण्यांसारखे चारसहा ठिपके लखलखले.

“उस्ताद, भोकं पडलीत,” तो हळूच म्हणाला.

“आपटल्यानं कागद फाटला,” मिस्त्री म्हणाले. “जिथून उजेड जातो, तिथून धूळही जाते.” मग त्यांनी गाळणीच्या पुढील नळीत बोट फिरवून चालकापुढे धरले. ज्या नळीतून केवळ स्वच्छ हवा जावयास हवी, त्या नळीतील बारीक माती त्यांच्या बोटाला लागली होती. “आज नव्या फिल्टरचे पैसे वाचवाल, उद्या इंजिन खोलावं लागलं, तर लाखाचा आकडा होईल. आणि गाडी उभी राहील ते दिवस वेगळेच.”

चालक काही वेळ त्या बोटाकडे पाहत राहिला. हप्त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याने नवी गाळणी आणविली.

पुढच्या फेरीस क्लीनरने टाकी काठोकाठ भरून आकडा टिपला. १०४ लिटर. त्यापुढील दोन फेऱ्यांतही आकडा तेवढाच राहिला. घाटात मोटारीला पूर्वीचा जोर आला आणि काळा धूर पुष्कळ कमी झाला. फेरीमागे ४ लिटर, म्हणजे आठवड्याला ८ लिटर. अशा ५० आठवड्यांत ४०० लिटर डिझेल वाचणार होते. नव्या गाळणीची किंमत काही आठवड्यांतच वसूल झाली असती. पण आकडा पूर्वीच्या १०० वर आला नाही. चालकाने याचे कारण विचारले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “जी धूळ आत गेली, ती परत येत नाही. तिनं जे घासलं असेल, ते घासलं. बाकीचं तुमच्या पायावर आहे. पट्टी जरा बेतानं दाबा.”

या प्रसंगात तिघांचाही विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. चालक निष्काळजी नव्हता. पैसे वाचविण्यासाठीच त्याने गाळणी आपटली होती. परंतु कागदाची गाळणी आपटून झाडण्याची वस्तू नव्हे. दांडग्या जोराने हवा मारली, तरीही तिचे तंतू फाटतात. काही गाळण्या बेताच्या दाबाच्या हवेने, तीही आतून बाहेर मारून, साफ करता येतात. मात्र त्या बनविणाऱ्यांनी तशी मुभा दिलेली असावी लागते. मिस्त्रींनी मोठे काम हाती घेण्यापूर्वी साधे कारण शोधले. आणि क्लीनरने टायरमधील हवा व गाळणी हे दोन्ही उपाय एकदम न करता एकामागून एक केल्यामुळे कोणत्या उपायाने किती फरक पडला, हे आकड्यांवरून कळले. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत याच रीतीने काम करतात.

गाळणी बदलणे हे काम अवघड नाही, पण ते नीटनेटकेपणाने करावे लागते. प्रथम इंजिन बंद करून निवू द्यावे. पेटीच्या बाहेरची माती पुसून काढावी. नाहीतर पेटी उघडताच तीच माती आत पडते. जुनी गाळणी धक्का न देता अलगद बाहेर काढावी. पेटीचा आतील भाग ओलसर फडक्याने पुसावा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत धूळ पडू देऊ नये. नवी गाळणी त्याच मोटारीसाठी नेमलेल्या क्रमांकाची असावी. तिच्या काठाचे रबर चिरलेले वा दुमडलेले नसावे, कारण तेथे केसाएवढी फट राहिली, तरी हवा गाळणीतून न जाता त्या फटीतूनच जाते. काही मालमोटारींत बाहेरच्या गाळणीच्या आत आणखी एक लहान गाळणी असते. बाहेरची गाळणी फाटलीच, तर इंजिनाचे रक्षण करण्यासाठी ती ठेवलेली असते. ती झाडून वा धुऊन पुन्हा वापरावयाची नसते. शेवटी पेटीचे खटके आणि नळ्यांचे पट्टे घट्ट बसल्याची खात्री करून घ्यावी.

गाळणी केव्हा बदलावी, याचाही नियम आहे. मोटारीच्या पुस्तिकेत त्याची मुदत दिलेली असते. मात्र धुळीच्या वाटेवर चालणाऱ्या मोटारीला ती लवकर बदलावी लागते. अनेक मालमोटारींत पेटीजवळ एक लहानसा दर्शक असतो. हवा ओढण्यास पडणारा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की त्यावर तांबडी खूण दिसते. अशी खूण दिसताच गाळणी बदलावी आणि दर्शक पुन्हा पूर्ववत करावा. दररोज पेटी उघडून पाहण्याची सवयही चांगली नव्हे. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत जाण्याचा धोका असतो.

आता एक प्रश्न उरतो. प्रत्येक वाहनाची गाळणी बदलली, की इंधनाचा खर्च कमी होतो काय? तसे नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली याविषयीच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेट्रोलवर चालणाऱ्या आधुनिक मोटारींत गाळणी कोंदली, तरी इंधनाच्या खर्चात विशेष फरक पडत नाही, असे त्यांत आढळून आले. कारण तेथील यंत्रणा हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण सतत जुळवून घेते. अशा मोटारींचा वेग वाढण्यास मात्र अधिक वेळ लागू लागला. उलट, कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीचा इंधनाचा खर्च कोंदलेल्या गाळणीमुळे शेकडा काही टक्क्यांनी वाढला. डिझेलच्या मालमोटारींत हा फरक इंजिनाची रचना, त्यावरील ओझे आणि गाळणी किती कोंदली आहे यांवर अवलंबून असतो. म्हणून ‘गाळणी बदला आणि अर्धे डिझेल वाचवा’ असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. वहीत टिपलेला आकडा हाच खरा साक्षीदार होय. गाळणीचे पहिले काम इंजिनाचे आयुष्य राखणे हे आहे; इंधनाची बचत हा त्याबरोबर पदरात पडणारा लाभ आहे.

काटकसर आणि कंजूषपणा यांत वरवर साम्य दिसते, पण त्यांचा शेवट निराळा असतो. कंजूष माणूस आजचा रुपया राखण्यासाठी उद्याचे शंभर घालवितो. काटकसरी माणूस योग्य वेळी रुपया खर्च करून शंभर राखतो. ही गोष्ट एका मोटारीपुरतीच खरी नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून विकत आणावे लागते. शिवाय एक लिटर डिझेल जळाले, की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळतो. काळ्या धुराची काजळी तर रस्त्याकडेच्या माणसांच्या छातीत जाते. इंजिनाला गाळणी बसविता येते. रस्त्याने शाळेला जाणाऱ्या मुलांना ती बसविलेली नसते. म्हणून जो चालक आपल्या मोटारीचा श्वास स्वच्छ ठेवतो, तो नकळत इतरांचाही श्वास स्वच्छ ठेवण्यास हातभार लावीत असतो.

शब्दार्थ

हमरस्ता – मोठा, रहदारीचा रस्ता
दट्ट्या – नळकांड्यात खालीवर सरकणारा भाग, पिस्टन
फुफाटा – पायाखाली वा चाकाखाली उडणारी मऊ, बारीक धूळ
गारगोटी – एक कठीण, पांढरट दगड
गत्यंतर – दुसरा उपाय
कोंदणे – दाटून भरल्यामुळे वाट बंद होणे
दर्शक – स्थिती दाखविणारे साधन
मुभा – मोकळीक, परवानगी

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पेल्याखाली झाकलेली मेणबत्ती मेण शिल्लक असूनही का विझते?
(आ) गाळणीच्या कागदाला घड्या कशासाठी घातलेल्या असतात?
(इ) थोडी धूळ बसलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षा चांगली गाळते, असे का?
(ई) काळा धूर आणि निळसर धूर यांवरून इंजिनाविषयी काय समजते?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) गाळणीला भोके पडल्याचे मिस्त्रींनी चालकाला कसे पटवून दिले?
(आ) नवी गाळणी बसविताना कोणती दक्षता घ्यावी लागते, ते क्रमाने लिहा.
(इ) ‘वहीत टिपलेला आकडा हाच खरा साक्षीदार होय,’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. हिशेब करा.
एका फेरीस १०४ लिटर डिझेल लागले. ते जळण्यासाठी इंजिनाने कमीत कमी किती लिटर हवा आत घेतली असेल?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
ओस पडणे, मन थक्क होणे, धाप लागणे, पदरात पडणे, हातभार लावणे.

५. चालकाने हप्त्याचे पैसे गाळणीसाठी खर्च केले, हे योग्य झाले काय? तुमचे मत कारणांसह दहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरी वा शेजारी मोटारसायकल, रिक्षा किंवा ट्रॅक्टर असल्यास दर वेळी भरलेले इंधन आणि झालेले किलोमीटर एक महिनाभर वहीत टिपा. लिटरमागे किती किलोमीटर पडतात ते काढून वर्गात सांगा.